काट्यावरची पावती ते खात्यातले पैसे: मधलं काम आपोआप कसं होतं



यंदा सोयाबीन खरेदीची बिलं संगणकावरच्या नियमांनी पुढे जाणार आहेत. "संगणकानं पैसे अडवले" असं कुणी म्हणण्याआधी हे नियम चालतात कसे, ते पाहून घ्या.

मोटरीला ऑटो बसवला की लाईट आल्यावर मोटर आपोआप सुरू होते. पण विहिरीत पाणी आहे का, हे ऑटोला दिसत नाही. (महावितरण ऑटो काढा म्हणतं, कारण सगळ्या मोटरी एकदम सुरू झाल्या की डीपीवर लोड येतो. तो विषय वेगळा.) खरेदीचा नियमही असाच: अमुक घडलं, अट बसली, की पुढचं काम आपोआप. जी नोंद केली तेवढीच त्याला दिसते.

काट्यावर नोंद झाली की नियम सुरू होतो. ओलावा 12 टक्के किंवा कमी असेल तर पावती तुमच्या मोबाईलवर आणि बिल हिशेबाला जातं. हमीभाव खरेदीतली नेहमीची मर्यादाही 12 टक्केच. त्याच्या वर गेला की बिल थांबून व्यवस्थापकांकडे जातं. थांबलं म्हणजे नाकारलं नाही. ते दुसरा नमुना तपासून घट धरतात. घटीचा हिशेब तुम्हालाही यायला हवा: 14 टक्के ओलाव्याच्या 100 किलोत कोरडा माल 86 किलो. तोच 12 टक्क्यांवर आणला तर 86 भागिले 0.88, म्हणजे सुमारे 97.7 किलो. ओलाव्यापोटी क्विंटलला 2.3 किलोपेक्षा जास्त घट लावली असेल तर कारण विचारा, लाजू नका.

खरी जोखीम बँक खात्यात आहे. आयएफएससी कोड 11 अक्षरांचा, पाचव्या जागी नेहमी शून्य. तिथं इंग्रजी ओ पडला तर नियम लगेच पकडतो. पण खाते क्रमांकातला एक आकडा चुकला आणि तो दुसऱ्याच कुणाचा चालू खाते क्रमांक निघाला तर? नियमाच्या लेखी सगळं बरोबर! एनईएफटीत पैसे खाते क्रमांकावर जमा होतात, नाव जुळवून नाही. मग ते परत मिळवायला बँकेत हेलपाटे.

म्हणून एक नियम मुद्दाम हळू ठेवलाय. खातं नवीन किंवा बदललेलं असेल तर पहिलं बिल आपोआप जाणार नाही. कार्यालयातला माणूस पासबुकाशी आकडा न आकडा ताडून पाहील, मगच सोडेल. एखादा दिवस उशीर होईल, तेवढा धरून चला.

काट्यावरून निघण्याआधी पावतीवर सभासद क्रमांक, वजन, ओलावा आणि खात्याचे शेवटचे चार आकडे वाचा. चूक दिसली तर तिथंच सांगा, बिल बँकेत जाण्याआधी ते कार्यालयातून थांबवता येतं. यासाठी कंपनी ओटीपी कधीच मागत नाही. खातं बदललेल्या सभासदांनी येताना पासबुकाच्या पहिल्या पानाची झेरॉक्स आणावी.