आधी मंजूर नकाशा माग

अगं सुमे, सॅम्पल फ्लॅटमधल्या पडद्यांना भुललीस ना? छानच असतात ते. पण पुढच्या वेळी आधी मंजूर नकाशा माग. ते गुळगुळीत ब्रोशर विक्रीसाठी असतं. महापालिकेचा शिक्का असलेला कागद वेगळा.

इमारत देखणी दिसते का, हे महापालिका सहसा बघतच नाही. पुण्यात २०२० पासून यूडीसीपीआर नियमावली लागू आहे. कडेने किती जागा सोडली, जिना किती रुंद, खोल्यांना उजेड-वारा मिळतो का, अग्निशमनची गाडी आत फिरते का, हे त्यात तपासतात. काचेचा दर्शनी भाग ही बिल्डरची हौस. (उन्हाळ्यात त्यामागे तूच भाजून निघणार, ते सोड.)

नकाशा भलामोठा असतो, बिचकू नकोस. प्लॉटची हद्द जाड काळी, नवं बांधकाम लाल, पाडायचं ते पिवळं. आपला मजला शोध आणि ब्रोशर शेजारी धर. तिथे ‘टेरेस’ म्हणून दाखवलेली जागा नकाशात ‘रेफ्युज एरिया’ निघाली, तर तिथून उठूनच ये. आग लागली तर सगळ्यांनी थांबायची जागा ती, तुझ्या कुंड्यांची नव्हे.

आणि ‘सीसी आलंय’ एवढ्यावर खूश होऊ नकोस. ती फक्त काम सुरू करायची परवानगी. पुढे जोत्याची तपासणी होते, शेवटी भोगवटा प्रमाणपत्र. ते हातात आल्याशिवाय राहायला जायचं नाही, कितीही चांगला मुहूर्त असो. मुंबईत वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमधल्या इमारतींवर मंजुरीपेक्षा कितीतरी जास्त मजले चढवले होते. लोक वर्षानुवर्षं राहत होते, तरी २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या विरोधातच निकाल दिला. पुढच्या वर्षी महापालिकेची माणसं गॅस आणि वीज तोडायला दारात आली.

मध्येच बिल्डर ‘किरकोळ बदल आहे’ म्हणत सही मागेल. रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे इमारतीच्या मंजूर आराखड्यात मोठा बदल करायचा तर दोन तृतीयांश ग्राहकांची लेखी संमती लागते. सुधारित नकाशा बघितल्याशिवाय पेनाला हात लावू नकोस. बुकिंगच्या फॉर्ममध्येच अशी संमती घुसडलेली असते, तेवढं बारीक अक्षर वाच.

महारेराच्या साइटवर प्रकल्पाचा नंबर टाकलास की मंजूर नकाशा सापडेल. रात्री मला व्हॉट्सॲप कर, दोघी मिळून बघू. आणि समीरला सांग, तोवर टोकनचा चेक फाडू नकोस.