जर्नल कोण लिहिणार?

मनू, ऑप्शन फॉर्ममध्ये मुलींचं इंजिनिअरिंग कॉलेज वर टाकायचं की खाली, यावरून तुझं आणि काकांचं बिनसलंय, असं काकू म्हणाली. काकांना ते हवंय, कारण तिथे मुलं नाहीत. तुला ते नकोय, तेही त्याच कारणानं! मी मुलींच्याच कॉलेजातून शिकून बाहेर पडलेय, म्हणून माझं ऐक.

फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये फिटिंगचा जॉब असतो. लोखंडी पट्टी व्हाइसमध्ये आवळायची, हॅकसॉनं कापायची आणि मग कानस घेऊन घासत बसायचं, गुण्या लावल्यावर फटीतून उजेड दिसेनासा होईपर्यंत. दंड भरून येतात. आणि अख्ख्या बॅचमध्ये मुलीच, त्यामुळे ‘जरा करून देतोस का?’ म्हणायला कुणी नसतं.

मिश्र कॉलेजात शिकलेल्या माझ्या मैत्रिणींना विचार. प्रॅक्टिकलला चौघांचा गट पडला की पाना मुलाच्या हातात आणि जर्नल मुलीकडे. ‘तुझं अक्षर छान आहे, तूच लिही.’ कुणी दुष्टपणानं करत नाही गं, आपसूक होतं. पण चार वर्षं रीडिंग दुसऱ्यानंच घेतलं, की मशीनला हात लावायची भीती मनात घर करून बसते. आमच्याकडे सुंदर अक्षरवालीलाही लेथ चालवावाच लागायचा. गॅदरिंगची रांगोळी आमची, साउंडच्या वायरी ओढणं आमचं, स्पॉन्सरच्या दारात ताटकळणंही आमचंच.

काकांना मात्र एक सांगायला हवं. मुलींच्या शाळा निघाल्या त्या मुलींना जपून ठेवायला नव्हे, घराबाहेर काढायला. १८४८ साली सावित्रीबाई-जोतिरावांची भिडे वाड्यातली शाळा, १८८४ साली हुजूरपागा, १९१६ साली कर्व्यांचं महिला विद्यापीठ. लोक खवळले, तरी मुली शिकायला गेल्या. पुढे १९९१ साली कर्व्यांच्याच संस्थेनं कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगण्यात, मुलींसाठी कमिन्स इंजिनिअरिंग कॉलेज काढलं. या वाटेवरचं कॉलेज ‘सुरक्षित’ म्हणून निवडणं मला पटत नाही.

मार्क वाढतील म्हणूनही जाऊ नकोस. २१ देशांतल्या सुमारे १६ लाख शाळकरी मुलामुलींवरचे अभ्यास २०१४ साली एकत्र तपासले गेले, तेव्हा नेटक्या तुलनेत स्वतंत्र आणि मिश्र शाळांच्या निकालांत फारसा फरक उरला नाही. मी सांगतेय तो फायदा गुणपत्रिकेत दिसत नाही. पहिल्या नोकरीत शॉपफ्लोरवर मशीन बंद पडतं आणि सगळे एकमेकांकडे बघतात, तेव्हा तो दिसतो. मुलांशी बोलायचं कसं, ही तुझी काळजी तर सोडूनच दे. ते महिन्याभरात जमतं.

फक्त सगळी मुलींची कॉलेजं सारखी नसतात. फॉर्म भरायच्या आधी जाऊन ये. वर्कशॉपमध्ये डोकाव, मशीनवर मुली आहेत की नुसत्या भोवती उभ्या राहून बघताहेत ते पाहा. होस्टेलच्या मुलींना विचार, लॅब आणि लायब्ररी किती वाजेपर्यंत उघडी असते. ‘मुलींचं आहे ना, म्हणून लवकर बंद होतं’ असं उत्तर आलं, तर कॉलेजचं नाव कितीही मोठं असो, बेलाशक खाली टाक. आणि नऊपर्यंत उघडी असेल तर पहिल्या नंबरवर. काकांशी मी बोलते.