संगणकातील आभासी भ्रमणध्वनी
धार आणि देवास ही माळव्यातील पवारांची संस्थाने १९४८ साली मध्य भारतात विलीन झाली. तथापि तेथील अनेक घरांत मराठी आजही बोलली जाते. अशा घरातील विद्यार्थ्याने मराठी ॲप तयार करावयाचे ठरविल्यास चाचणीसाठी निरनिराळे भ्रमणध्वनी विकत घेण्याचे कारण नाही. अँड्रॉइड स्टुडिओ या विनामूल्य साधनातील एम्युलेटर संगणकाच्या पडद्यावरच आभासी भ्रमणध्वनी उभा करतो.

त्यासाठी १६ जीबी रॅम व डिस्कवर तितकीच मोकळी जागा असणे इष्ट होय. प्रथम संगणकाच्या बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशनची सोय चालू करावी. ती बंद असल्यास आभासी यंत्र बहुधा सुरूच होत नाही. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये संचाचा नमुना निवडावा, अँड्रॉइडची हवी ती आवृत्ती उतरवून घ्यावी आणि यंत्र सुरू करावे.

यंत्राची भाषा मराठी करून जोडाक्षरे व 'ळ' नीट उमटतात काय, हे पाहावे. स्थान म्हणून धारचे अक्षांश-रेखांश देता येतात. नेटवर्कचा वेग मुद्दाम कमी करूनही चाचणी घ्यावी. खेड्यातील क्षीण नेटवर्कवर जे ॲप अडते, ते शेतकऱ्याच्या ऐन गरजेच्या वेळी निरुपयोगी ठरते. हा दोष घरबसल्या, विनाखर्च उघड होतो, हेच या साधनाचे खरे मोल.

मात्र बॅटरीचा खप, कॅमेरा आणि बोटांचा स्पर्श यांची खरी पारख आभासी यंत्रावर होत नाही. म्हणून अखेरची चाचणी प्रत्यक्ष भ्रमणध्वनीवरच घ्यावी.