स्वतः प्रसिद्ध करावयाच्या ग्रंथाची अंतर्रचना

ग्रंथ लिहून झाला म्हणजे ग्रंथकाराचें काम संपलें, अशी समजूत सर्वत्र आढळते. प्रकाशकामार्फत निघणाऱ्या ग्रंथाच्या बाबतींत ती कांहीं अंशीं खरी मानतां येईल. परंतु जो लेखक स्वतःच्या खर्चानें ग्रंथ छापवून घेतो, त्याच्यावर प्रकाशकाचें कर्तव्यहि येऊन पडतें. आमच्या डहाणू व तलासरी तालुक्यांत अशा ग्रंथांची गरज फार मोठी आहे. लग्नांत धवलेरी म्हणते तीं गीतें, कणसरी देवीच्या कथा, तारप्याभोंवतीं चालणाऱ्या नाचाची माहिती, हें धन बहुतांशीं तोंडींच राहिलें आहे आणि तें जाणणारीं म्हातारीं माणसें एकेक करून जात आहेत. मोठे प्रकाशक अशा संग्रहांकडे सहसा वळत नाहींत. तेव्हां हें काम येथल्या शिक्षकांनीं व विद्यार्थ्यांनींच केव्हां तरी हातीं घ्यावें लागेल. म्हणून अशा ग्रंथाचें अंतरंग कसें मांडावें याचा विचार आपण येथें करूं.

मराठी अक्षर छापखान्यांत सुखासुखीं आलेलें नाहीं. विल्यम कॅरी यांचें मराठी व्याकरण १८०५ सालीं श्रीरामपुरास देवनागरी खिळ्यांनीं छापलें गेलें. त्यांच्याच १८१० सालच्या कोशांत मराठी शब्दांसाठीं मोडी खिळे आहेत. मुंबईस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत टॉमस ग्रॅहम यांनीं देवनागरी खिळे अधिक लहान व सुबक केले. त्याच छापखान्यांत लहानपणीं काम शिकलेले जावजी दादाजी (१८३९–१८९२) यांनीं पुढें निर्णयसागर छापखाना काढला व त्याच्या अक्षरवळणाची कीर्ति देशभर झाली. गणपत कृष्णाजी यांनीं १८३१ सालीं शिळाछापावर पंचांग काढलें. पोथी वाचणाऱ्यांस शाईंतील चरबीचा विटाळ वाटूं नये म्हणून त्यांनीं शाईंत तूप घातलें, असें सांगतात. यांतून घ्यावयाचा बोध असा कीं, चांगला मुद्रक आपला वाचक कोण हें प्रथम पाहतो.

आपल्या संग्रहाचा वाचक म्हणजे पाड्यावरचा शाळकरी मुलगा, नुकतीच अक्षरओळख झालेली त्याची आई आणि दूरच्या शहरांतील एखादा अभ्यासक. तिघांनाहि सोयीचा आकार डेमी अष्टांश, म्हणजे सुमारें साडेपांच इंच रुंद व साडेआठ इंच उंच. बांधणीकडे व बाहेरच्या कडेस पाऊण पाऊण इंच समास सोडला म्हणजे ओळीस चार इंच मिळतात. वर पाऊण व खालीं एक इंच सोडला म्हणजे मजकुरास पावणेसात इंच उंची राहते. समास ही उधळपट्टी नव्हे. तेथें वाचकाचा आंगठा बसतो. आणि बांधणीकडचा समास आंखूड पडला तर ओळीचीं टोंकें शिवणींत लपतात.

आतां अक्षर. देवनागरी अक्षर तिमजली आहे. शिरोरेषेच्या वर मात्रा, वेलांटी, रफार व अनुस्वार. मधल्या मजल्यावर मूळ अक्षर. खालीं उकार व ऋकार. ओळी दाटीनें बसविल्या तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीस भिडतो व नवशिक्या वाचकाची दृष्टि अडखळते. म्हणून इंग्रजी पुस्तकाचें माप मराठीस जसेंच्या तसें लावूं नये. ७२ पॉइंटांचा एक इंच होतो. १२ पॉइंटांचें अक्षर घेऊन ओळीपासून ओळ १६ पॉइंटांवर ठेवावी. आपल्या पानास ४८६ पॉइंट उंची आहे. तींत तीस ओळी (४८० पॉइंट) नीट बसतात.

अक्षरसंच निवडतांना तो ‘ल’, ‘श’ व ‘ळ’ मराठी वळणानें दाखवितो कीं नाहीं हें पाहावें. महाराष्ट्र शासनानें २००९ सालच्या निर्णयानें मराठी वर्णमालेचें वळण ठरवून दिलें आहे. तसाच अर्ध्या ‘र’ चा प्रश्न. डहाणूच्या पश्चिमेस दर्या आहे आणि पूर्वेस डोंगरांच्या दऱ्या आहेत. एवढी एक खूण चुकली कीं समुद्र डोंगरांत शिरतो! जुन्या संगणकीय अक्षरसंचांत टंकलेला मजकूर युनिकोडांत आणतांना अशींच अक्षरें मोडण्याचा संभव फार असतो. तेथें डोळ्यांत तेल घालून वाचावें.

ओळीच्या दोन्ही कडा सरळ राखण्याचा हव्यासहि बेतानें करावा. मराठीत विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्ययें शब्दास जोडून येतात. त्यामुळें शब्द लांब होतात, आणि आंखूड ओळींत शब्दांमध्यें मोठीं खिंडारें पडतात. अशा वेळीं उजवी कडा मोकळी सोडलेली बरी. परिच्छेदाची एकटी शेवटची ओळ नव्या पानाच्या माथ्यावर येऊं देऊं नये.

खर्चाचा हिशेब पानांवर बसतो, म्हणून तो आधींच करावा. समजा, ग्रंथ ३४,००० शब्दांचा आहे. ओळीस नऊ शब्द व पानास तीस ओळी धरल्यास पानास २७० शब्द होतात. म्हणजे मजकुराचीं १२६ पानें. प्रारंभीचीं ८ पानें व दहा प्रकरणांच्या आरंभीं-शेवटीं सुटणारी सुमारें ९ पानांची मोकळी जागा मिळवून १४३ होतात. सोळा पानांचा एक फर्मा, म्हणून नऊ फर्मे, म्हणजे १४४ पानें. हाच मजकूर १४७ पानांवर गेला तर तीन पानांसाठीं दहावा फर्मा घ्यावा लागतो.

प्रारंभीच्या पानांचा क्रम ठरलेला आहे: अर्धशीर्षक, शीर्षकपृष्ठ, त्याच्या पाठीमागें प्रकाशनाचा तपशील, मग अनुक्रमणिका व प्रस्तावना. विषम पृष्ठांक नेहमीं उजव्या पानावर येतो. शीर्षकपृष्ठ व प्रस्तावनेचा आरंभ त्याच बाजूस असावा.

गीतसंग्रहाची मांडणी मात्र विशेष काळजीची आहे. डाव्या पानावर वारली बोलींतील मूळ गीत व समोर उजव्या पानावर मराठी अर्थ ठेवावा, आणि दोहोंकडे कडव्यांचे अंक जुळवावे. गीताची ओळ पानांत मावली नाहीं तर उरलेला भाग खालीं आंत सरकवून घ्यावा, म्हणजे ती नवी ओळ नव्हे हें कळतें. बोलींतील उच्चार शुद्ध मराठी करण्याच्या भरीस पडूं नये. ज्या संग्रहांत म्हाताऱ्या धवलेरीस आपलाच शब्द ओळखतां येत नाहीं, तो संग्रह फसला. जिच्याकडून गीत मिळालें तिच्या संमतीनें तिचें नांव व गांव गीताच्या माथ्यावर द्यावें. संग्राहकाचें नांव शीर्षकपृष्ठावर ठळक आणि गाणारीचें शेवटीं आभारांच्या गर्दींत, ही मांडणी दिसण्यांत सुबक असली तरी न्यायाची नाहीं.

चित्रांविषयीं एवढेंच. गंजाडच्या जिव्या सोमा म्हसे यांना २०११ सालीं पद्मश्री मिळाली. त्यांच्यामुळें वारली चित्रकला जगभर गेली. म्हणून प्रत्येक पानास तिची वेलबुट्टी लावण्याचा मोह होतो, तो आवरावा. लग्नाचा चौक हें एक विधीचें चित्र आहे, पानाची किनार नव्हे. शिवाय गडद भूमीवरील बारीक पांढऱ्या रेषा चित्र लहान केल्यास शाईनें बुजतात. चित्रें थोडीं, परंतु पूर्ण पानाचीं असावीं.

छापण्यापूर्वीं मुद्रितें दोनदां तपासावीं; एकदां स्वतः, आणि एकदां ज्यानें मूळ हस्तलिखित पाहिलें नाहीं अशा माणसाकडून. जमल्यास गीतें गाणारीस मोठ्यानें वाचून दाखवावीं. ग्रंथक्रमांक नवी दिल्ली येथील राजा राममोहन राय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. १९५४ च्या कायद्यान्वयें प्रसिद्धीपासून तीस दिवसांच्या आंत एक प्रत कलकत्त्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयास व एकेक प्रत इतर तीन ग्रंथालयांस स्वखर्चानें पाठवावी लागते. हा केवळ जुलुमाचा खर्च समजूं नये. पाड्यावरची प्रत पावसांत भिजेल, वाळवी खाईल. त्या कपाटांतील प्रत मात्र आपल्या मागेंहि राहील. ज्या मुलांच्या घरीं अजून आजीच्या मुखांत गीतें आहेत, त्यांनीं निदान वही व पेन्सिल घेऊन तिच्याजवळ बसण्यास उशीर लावूं नये. समास व अक्षरें यांचा विचार नंतर करतां येईल. गेलेलें गीत नंतर मिळणार नाहीं.