नकाशात असूनही न दिसलेली रेघ

दुकान, गोदाम किंवा छोटा कारखाना बांधणारा आपला व्यापारी बांधव नकाशाचा कागद हाती घेतो, लांबी-रुंदी पाहतो, सही करतो आणि निश्चिंत होतो. आम्हीही तेच करीत आलो. कापडाचा ताका मोजण्यापलीकडे मोजमापाशी आमचा संबंध नाही. शिवाय आमची तालीम उर्दू माध्यमातून झालेली, तेव्हा संगणकावरचा नकाशा ही आजकालच्या मुलांची बाब, असा आमचा समज होता. तो किती महागात पडला ते आधी सांगतो, म्हणजे पुढचा पाठ रुक्ष वाटणार नाही.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची पातळी ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ फुटांवर गेली की धोका मानतात. ऑगस्ट २०१९ मध्ये ती ५५ फुटांच्याही वर गेली आणि जुलै २०२१ मध्ये पुन्हा तशीच वेळ आली. आमचे गोदाम सखल भागात आहे. दुसऱ्या पुरानंतर आम्ही ते नव्याने बांधायला काढले. आर्किटेक्टने भिंतींच्या उभ्या नकाशात पुराच्या पाण्याची रेघ मारली आणि त्यावर लिहिले की, विजेचा एकही बोर्ड या रेघेखाली नको. हा नकाशा वायरिंगवाल्या कंत्राटदाराकडे गेला. त्याच्याकडून परत आलेल्या कागदावर सगळे बोर्ड होते, फक्त ती रेघ आणि ती सूचना नव्हती. कारागिरांनी कागदाप्रमाणे चार फुटांवर बोर्ड बसवले. रंगकाम सुरू झाले तेव्हा जुन्या भिंतीवरची पाण्याची खूण कोणाच्या तरी नजरेस पडली. तेरा बोर्ड उपसून भिंती पुन्हा फोडाव्या लागल्या.

भांडण झाले, दोघेही आपल्या जागी ठाम. आर्किटेक्ट म्हणे रेघ दिली, कंत्राटदार म्हणे आली नाही. दोघेही खरेच बोलत होते. ते कसे, हाच आजचा विषय.

चादरीच्या छपाईत प्रत्येक रंगाची स्क्रीन वेगळी असते, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. लाल रंगाची स्क्रीन बाजूला ठेवली तर फुले उमटत नाहीत, पण म्हणून ती नष्ट झाली असे कोणी म्हणत नाही. ऑटोकॅडसारख्या प्रणालीत नकाशा असाच थरांमध्ये काढतात, त्याला लेयर म्हणतात. भिंती एका लेयरवर, दरवाजे दुसऱ्यावर, मोजमापे तिसऱ्यावर. जो लेयर नको तो ऑफ किंवा फ्रीज करायचा.

दुसरी गोष्ट एक्सरेफ, म्हणजे बाहेरच्या फाईलचा संदर्भ. ऑटोकॅड १९८२ मध्ये बाजारात आले आणि ही सोय त्यात १९९० च्या अकराव्या आवृत्तीपासून आहे. वायरिंगवाला आर्किटेक्टचा नकाशा नकलून घेत नाही. आपल्या फाईलमध्ये तो फक्त नोंद ठेवतो की, अमुक फाईल येथे दाखव. वहीत ‘सविस्तर जुन्या वहीत पाहा’ असे लिहितो, तसाच हा प्रकार. आर्किटेक्टने भिंत सरकवली की फाईल पुन्हा उघडताना किंवा रिलोड करताना वायरिंगवाल्याकडेही ती सरकलेली दिसते. फायदा मोठा आहे, यात वाद नाही.

आता घोटाळा पाहा. बाहेरच्या फाईलचे लेयरही वायरिंगवाल्याच्या यादीत येतात. त्यांच्या नावाआधी मूळ फाईलचे नाव आणि एक उभी दांडी असते, म्हणून ते ओळखू येतात. त्यांवर तो काही काढू शकत नाही, मात्र आपल्यापुरते ते झाकू शकतो, त्यांचा रंगही बदलू शकतो. आमच्या कंत्राटदाराच्या मुलाने सुरुवातीलाच पुराची रेघ फ्रीज केली होती, कारण ती त्याच्या अक्षरांवरून जात होती. बोर्डांची सूचना आर्किटेक्टने मागाहून त्याच लेयरवर लिहिली. फाईल रिलोड झाली, सूचना आली, पण झाकलेल्या थरावरच येऊन बसली.

हे झाकण कायम राहते ते व्हिसरिटेन नावाच्या एका किल्लीमुळे. तिची किंमत १ असेल तर तुम्ही केलेली झाकपाक तुमच्या फाईलमध्ये जतन होते आणि रिलोडनंतरही तशीच राहते. किंमत ० असेल तर रिलोड होताच सारे लेयर मूळ फाईलमध्ये जसे असतील तसे दिसू लागतात. साधारणपणे ती १ वरच असते आणि रोजच्या कामाला तेच सोयीचे आहे, नाहीतर दररोज सकाळी तेच लेयर पुन्हा झाकत बसावे लागेल. म्हणून आमचा दोष किल्लीला नाही. अखेरचा कागद छापण्याआधी कोणी तपासले नाही, हा दोष. तपासणी अशी: आधी आपली मांडणी लेयर स्टेट म्हणून साठवून ठेवावी, मग किल्ली ० करून संदर्भ रिलोड करावा आणि मूळ मालकाने काय काय दाखवले आहे ते एकदा डोळ्यांखालून घालावे. नंतर किल्ली १ करून आपली मांडणी परत आणावी. पाच-दहा मिनिटांचे काम आहे.

ऑफ आणि फ्रीज एकच समजू नयेत. ज्या लेयरवर संपूर्ण संदर्भ ठेवला आहे तो फ्रीज केला तर सारा नकाशा गायब होतो, नुसता ऑफ केला तर होत नाही. नवशिके येथे हमखास गोंधळतात. यादीत प्रत्येक लेयरपुढे छपाईयंत्राचे छोटे चित्रही असते. ते बंद असेल तर रेघ पडद्यावर दिसते, कागदावर उमटत नाही. पडदा पाहून समाधान मानणाऱ्याची येथेही फसगत होते.

फॅब्रिकेशन, सुतारकाम, वायरिंग करणाऱ्या आपल्या कारागिरांनी संगणक शिकलाच पाहिजे असे आम्ही म्हणत नाही. पण कागद घेताना दोन प्रश्न विचारायला कोणाची परवानगी लागत नाही: या नकाशात कोणाच्या फाईलचा संदर्भ आहे, आणि त्यातले कोणते लेयर झाकले आहेत? उत्तर कागदाच्या कोपऱ्यात लिहून घ्यावे. मोबाईलवर फाईल आली तर ती एकटीच आली आहे का, हेही पाहावे. संदर्भाची फाईल सोबत नसेल तर नकाशाच्या जागी फक्त तिचा पत्ता लिहिलेला दिसतो. पाठवणाऱ्याला ई-ट्रान्समिटने सर्व फाईली एका गाठोड्यात बांधून द्यायला सांगावे.

आमच्या बाबतीत भिंती फोडण्याचा खर्च शेवटी तिघांनी वाटून घेतला. आमचा तिसरा हिस्सा का, असे घरच्यांनी विचारले. त्या कागदावर आमचीही सही होती.