ऊब आपली, राखण पिशवीची

इंदूरच्या छत्रीबागेतून सकाळी निघालं की दुपारच्या आत विंध्याचा घाट उतरून महेश्वरला नर्मदेकाठी पोचता येतं. पूर्वेकडे गाडी वळवली तर रात्रीपर्यंत सातपुड्यात, पचमढीला. माळव्याचं पठार, निमाडचा तापणारा सखल मुलूख आणि सातपुड्याचा गारठा, असं सगळं इंदूरहून एका दिवसाच्या टप्प्यात आहे. त्यात घरात हिमालयाची ओढ. म्हणून नात्यातली, वाड्यातली मुलं हटकून विचारतात, ‘‘ताई, स्लीपिंग बॅग कुठली घेऊ?’’ एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून हे लिहितेय.

१. बॅगेत ऊब नसते. ऊब आपल्या अंगाची. बॅग तिला भरावात अडकलेल्या हवेच्या जोरावर धरून ठेवते, इतकंच. हे उमगलं आणि पुढचं बरंचसं आपोआप उलगडलं. उपाशीपोटी, कुडकुडत आत शिरलेल्या माणसाला भारी बॅगही लवकर तापवू शकत नाही. आता कॅम्पवर मी रात्रीचं जेवण टाळत नाही, झोपण्याआधी थोडं चालून येते आणि घट्ट झाकणाच्या बाटलीत गरम पाणी भरून, तिला मोजा चढवून पायाशी ठेवते. बॅग ऐसपैस असली तर आतली रिकामी जागाही आपल्यालाच तापवावी लागते. थंडीसाठी पायांकडे निमुळती, डोक्याला टोपरं असलेली ‘ममी’ बॅग बरी ती यासाठी.

२. गारठा खालून येतो. याचं मला सर्वांत जास्त आश्चर्य वाटलं. आपल्या वजनाने पाठीखालचा भराव चेपतो, त्यातली हवा निघून जाते आणि तेवढ्या भागापुरती बॅग असून नसल्यासारखी होते. डिसेंबरात पचमढीला पहाटे गवतावर दंव गोठतं, तेव्हा वरून कितीही पांघरा, जमीन अंगातली ऊब ओढतच राहते. पैसे मोजके असतील तर मी सांगते, बॅग मध्यम घ्या आणि मॅट चांगली घ्या. फोमच्या साध्या मॅटवर हवेची मॅट टाकली की फरक लगेच कळतो. तंबूची जागाही महत्त्वाची. निरभ्र रात्री थंड हवा जड होऊन खोलगटात साचते. ओढ्याकाठच्या खोलगटात झोपण्यापेक्षा थोडं वर, झाडांच्या आडोशाला झोपावं.

३. दुकानात जो आकडा ठळक दिसतो, तो बहुधा आपल्या कामाचा नसतो. चांगल्या बॅगेवर तीन आकडे असतात. आधी युरोपात आणि २०१६ पासून आयएसओ २३५३७ या नावाने जे मानक वापरात आलं, त्यात तापवलेला पुतळा बॅगेत झोपवून मोजमाप करतात. त्याच्या अंगात लांब बाह्यांचे कपडे असतात, खाली मॅट असते. ‘कम्फर्ट’ म्हणजे सर्वसाधारण बाई आरामात झोपेल ते तापमान, ‘लिमिट’ म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून रात्र काढेल ते, आणि ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे झोप सोडाच, जीव तगण्याची हद्द. मी फक्त कम्फर्ट बघते आणि त्यातही चार-पाच अंश हातचे राखते. जागेचा अंदाज सोपा आहे: हजार मीटर चढलं की पारा साधारण साडेसहा अंश उतरतो. इंदूर साडेपाचशे मीटरवर, पचमढीचं धूपगढ साडेतेराशेवर, उत्तराखंडातलं केदारकंठा ३,८०० मीटरवर. तिन्ही ठिकाणांना एकच बॅग पुरणार नाही.

४. ओल थंडीपेक्षा वाईट. बदकाच्या किंवा हंसाच्या पिसांची डाऊन बॅग हलकी, मुठीत मावेलशी दबणारी, कोरड्या थंडीत तिला तोड नाही. पण भिजली की पिसांचे गोळे होतात आणि ऊब संपते. सिंथेटिक जड, पण दमट झाली तरी काहीतरी धरून ठेवते, वाळतेही लवकर. हरिश्चंद्रगडाच्या धुक्यात किंवा नर्मदेकाठच्या दवात मी सिंथेटिकच नेते. हिमालयातही आपल्याच श्वासाची वाफ तंबूच्या कापडावर गोठते आणि पहाटे पायांकडची बाजू त्याला टेकून ओली होते. तीच वाफ बॅगेत कोंडली तर भराव आतून ओलावतो, म्हणून थंडी वाजली तरी तोंड आत घालून श्वास घेऊ नये. डोळे, नाक आणि तोंड बाहेर, बाकी सगळं आत.

५. निमाडच्या उन्हाळ्यात बॅग नकोच. सुती लायनर आणि मॅट पुरे. इंदूरजवळच्या चोरलच्या पावसाळ्यातही जवळपास तेच, वर एक पातळ सिंथेटिक.

६. चेपून ठेवलेली बॅग म्हातारी होते. आमची आजी दरवर्षी दुलयांना ऊन दाखवायची, पिंजाऱ्याकडून कापूस पिंजून घ्यायची. स्लीपिंग बॅगेचा भराव तसा पिंजून परत येत नाही. ट्रेकहून आलं की बॅग उलटी करून सावलीत वाळवते आणि छोट्या थैलीत न कोंबता मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवते. भाड्याची डाऊन बॅग घेताना ती उजेडासमोर धरते. कप्प्यांत कुठे पिसांचे काळे पुंजके आणि शेजारी आरपार दिसणारं कापड असेल, तर तिथूनच थंडी येणार. ती परत करून दुसरी मागते.

७. मापाचं उत्तर दुकानात मिळत नाही. नवी बॅग आली की डिसेंबर-जानेवारीत ती गच्चीवर नेते. माळव्याची रात्र तेव्हा आठ-दहा अंशांपर्यंत उतरते, चाचणीला पुरेशी. झिप अंधारात आतून उघडते का, कापड तिच्यात अडकतं का, कुशीवर वळल्यावर खांदे आवळतात का, हे तिथेच कळतं. माझी आई गुडघे पोटाशी घेऊन झोपते; ममी बॅगेत तिला रात्रभर डोळा लागेना. तिच्यासाठी गुडघ्यापाशी रुंद असलेली बॅग शोधली. ती थोडी जड आहे, म्हणून ट्रेकमध्ये ती माझ्या सॅकमध्ये असते.