कॅरेक्टर बदलण्याआधी

मलिहाबाद,
फेब्रुवारीअखेर

चि. भाच्यास,


पत्रास कारण, तुझा परवाचा निरोप. टेक्केन 8 या मारामारीच्या व्हिडिओ गेममध्ये समोर किंग हे कॅरेक्टर आलं की तू हरतोस, म्हणून तुझं जिन हे कॅरेक्टर सोडून ड्रॅगुनोव घ्यावा का, असं तू विचारलंस. ताकदवान कॅरेक्टरांच्या याद्यांमध्ये तो वर असतो, हे तुझं कारण. फोनवर हो किंवा नाही सांगून मोकळा झालो असतो, पण हा प्रश्न तुझ्या खेळाच्या मुळाशी जातो, म्हणून सविस्तर लिहितो. उत्तर आधीच सांगतो: किंग तुला कशामुळे हरवतो हे नेमकं सांगता येईपर्यंत कॅरेक्टर बदलू नकोस.

इथे सध्या दशहरी आंब्याला मोहोर आहे. तो गळू लागला की नवखा बागवान घाईने पंप खांद्यावर घेतो. जुना बागवान आधी फांदी खाली ओढून पाहतो. पानं चिकट लागली तर तुडतुडे, मोहोरावर पांढरी पूड दिसली तर भुरी. तुडतुड्यांना कीटकनाशक लागतं, भुरीला गंधक. दोन्हींत मोहोर गळतोच, पण एकाचं औषध दुसऱ्याला चालत नाही. तुझं 'मी हरतो' हे मोहोर गळण्यासारखं आहे. ते लक्षण झालं, रोग अजून तू पाहिलेलाच नाहीस.

मॅचअप, म्हणजे दोन ठरावीक कॅरेक्टरांची गाठ, समजून घ्यायचा तर समोरच्या कॅरेक्टरला तीन प्रश्न विचारायचे. त्याला किती अंतरावर उभं राहायचं आहे? त्याची कोणती चाल ब्लॉक झाली की तो उघडा पडतो? आणि जे त्याला हवं आहे ते मिळवताना त्याला काय सोडून द्यावं लागतं? यातला तिसरा प्रश्न सगळ्यात मोलाचा, आणि बहुतेक खेळाडू तोच विचारत नाहीत.

स्ट्रीट फायटर या दुसऱ्या गेममधला गाइल घे. दुरून फेकायचा त्याचा मारा, सोनिक बूम, सुटायला आधी काही क्षण मागची दिशा धरून ठेवावी लागते. म्हणजे गाइल पुढे चालू लागला की त्या क्षणी त्याच्याकडे बूम नाही. हे ज्याला माहीत नाही तो पहिला बूम आला की घाबरून उडी मारतो आणि वरच्यावर गाइलची लाथ, फ्लॅश किक, खातो. ज्याला माहीत आहे तो ब्लॉक करतो, एक पाऊल पुढे टाकतो, पुन्हा ब्लॉक करतो. गाइलला मागे मोकळी जागा लागते. ती संपली, पाठ कोपऱ्याला टेकली, की त्याचा निम्मा डाव आटोपला. त्याच खेळातल्या झांगीफचं उलटं. त्याला तुझ्या अंगाजवळ यायचं आहे, तेवढं एकदा जमलं की त्याचा स्क्रू पाइलड्रायव्हर हा पकडीचा डाव तुझी बरीच ताकद नेतो. पण ती पकड हुकली तर तो बराच वेळ उघडा राहतो आणि हवेत असलेल्याला ती धरू शकत नाही. आपला भारतीय धालसिम 1991 च्या स्ट्रीट फायटर 2 पासून लांब हातापायांनी दुरून मारत आला आहे. तेच लांब हात परत आखडायला वेळ घेतात. त्यामुळे गाइलविरुद्धचा संयम झांगीफविरुद्ध चालत नाही. एका मॅचअपमधली शहाणी चाल दुसऱ्यात आत्मघात ठरते.

आता तुझा किंग. त्याची खरी ताकद थ्रो, म्हणजे पकडून आपटणं. आमच्या वेळी व्हिडिओ पार्लरमध्ये थ्रो मारणं लबाडी समजत, आणि टेक्केन 3 मध्ये एडी हे कॅरेक्टर घेऊन नुसती बटणं बडवून जिंकणाऱ्यावर पोरं चिडत. या चिडण्यात शिकण्याची संधी जाते. थ्रो हा नियमातला डाव आहे आणि त्याला उत्तर आहे. किंगचा डावा हात पुढे येतो की उजवा की दोन्ही, त्यावर सोडवायचं बटण ठरतं. म्हणून डोळे त्याच्या हातांवर ठेव. बहुतेक थ्रो उभ्या माणसावर चालतात, खाली बसलास तर डोक्यावरून जातात. पण किंग खेळणाऱ्यालाही ते ठाऊक असतं. तू बसशील या अंदाजाने तो मिड, म्हणजे बसून अडवता न येणारी चाल, मारतो. म्हणून दरवेळी बसू नकोस, आणि मुळात त्याला त्या अंतरावर येऊच कमी दे. साधा थ्रो लागायला बारा फ्रेम घेतो, तुझा जॅब, म्हणजे साधा ठोसा, दहा. सेकंदात साठ फ्रेम असतात, त्यात दोन फ्रेमचा फरक माणसाला दिसत नाही. पण वेळेवर मारलेला जॅब त्याची पकड सुरू होतानाच मोडतो. इतकं समजलं की किंग भीतीचं कारण राहत नाही.

हे सगळं हुकमी यायला सरावाला समोर माणसं लागतात. लाहोरचा टेक्केनपटू अर्सलान अ‍ॅश 2019 च्या फेब्रुवारीत जपानमधल्या फुकुओकाला इव्हो जपान ही अशा गेमांची स्पर्धा जिंकला, तेव्हा बाहेरच्या जगाला त्याचं नावही फारसं माहीत नव्हतं. त्याच ऑगस्टमध्ये लास वेगसच्या इव्होत त्याने अंतिम लढतीत कोरियाच्या 'नी' या खेळाडूला हरवलं. नी म्हणजे जवळपास प्रत्येक कॅरेक्टर हातात घेऊन खेळू शकणारा माणूस. अर्सलानच्या मागे आपल्या शहरातल्या मित्रांशी समोरासमोर केलेला सराव होता. पुढे अवैस हनी आणि आतिफ बट हेही पाकिस्तानातूनच वर आले, म्हणजे ही एकट्याची करामत नव्हती. आणि हेही लक्षात ठेव: 2019 मध्ये अर्सलानचं मुख्य कॅरेक्टर काझुमी होतं. टेक्केन 8 आला तेव्हा काझुमी त्यात नव्हती. त्याने नीना घेतली आणि 2024 ची इव्हो जिंकली. कॅरेक्टर गेलं, अंतर आणि वेळ ओळखणारी नजर गेली नाही. तू ती नजर कमव.

ही नजर वयाने कमी होते असंही समजू नकोस. 2023 मध्ये हांगझोच्या आशियाई क्रीडा स्पर्धेत ईस्पोर्ट्सला पहिल्यांदा पदकं होती. स्ट्रीट फायटर 5 चं सुवर्ण कोरियाच्या किम ग्वान-वूने घेतलं, तेव्हा तो 44 वर्षांचा होता. भारताकडून मयंक प्रजापती आणि अयान बिस्वास तिथे खेळले. म्हणजे आपल्या पोरांनाही ही वाट खुली आहे. पण बोटांच्या वेगावर विसंबून ती चालता येत नाही.

सरावाचं सांगतो. जिंकलेल्या सामन्यांचे रिप्ले बाजूला ठेव, हरलेले पाहा. टेक्केन 8 मध्ये रिप्ले मध्येच थांबवून तिथून स्वतः खेळता येतं. जिथे मार खाल्लास तिथेच थांब आणि दुसरं उत्तर देऊन पाहा. सगळ्या कॅरेक्टरांचा अभ्यास एकदम अंगावर घेऊ नकोस. ज्यांच्याशी तुझी गाठ वारंवार पडते ती चार-पाच निवड, वहीत प्रत्येकाला एक पान दे, आणि त्यावर त्या तीन प्रश्नांची उत्तरं लिही. 'किंग फार ताकदवान आहे' असलं वाक्य त्या पानावर येता कामा नये. त्यातून पुढच्या सामन्यात हाताला काही लागत नाही.

कॅरेक्टर बदलणं वाईट नव्हे. बऱ्याच स्पर्धांत जिंकलेल्याला तेच कॅरेक्टर ठेवावं लागतं आणि हरलेल्याला बदलता येतं. तो तुझा हक्क आहे. एखादा मॅचअप नीट अभ्यासूनही तुझ्या कॅरेक्टरला जड जात असेल, तर दुसरं कॅरेक्टर जरूर तयार कर. पण तो निर्णय वहीतल्या पानावरून घे, कुणीतरी केलेल्या यादीवरून नको. ती यादी करणाऱ्याच्या हातातला खेळ तुझ्या हातात नाही. नुसत्या यादीवरून बदललंस तर नवं कॅरेक्टर शिकताना जुनंही विसरशील, आणि किंग समोर आला की पुन्हा तसाच मार खाशील.

ताई-भाऊजींना माझा नमस्कार सांग. अभ्यास आटोपल्यावरच कंट्रोलर हातात घे, आणि चिडलास की त्या दिवशीचा खेळ तिथेच थांबव, कारण रागात माणूस समोरच्याचे हात पाहत नाही. या रविवारी किंग खेळणाऱ्या तुझ्या मित्राला घरी बोलाव, निकालाची पर्वा न करता त्याच्याशी दुपारभर खेळ, आणि रात्री त्या तीन प्रश्नांची उत्तरं स्वतःच्या शब्दांत लिहून मला पाठव.

तुझा,
मामा